लोखंड उतरेल म्हणून थांबायचं का?

प्रश्न: आमची सोसायटी बोरिवली पूर्वेला आहे. तळमजला अधिक तीन मजले, २४ सदनिका, लिफ्ट नाही. दोन बिल्डर येऊन गेले, त्यांचं काही पटलं नाही, म्हणून स्वयंपुनर्विकास करायचा ठराव केला. पीएमसीच्या (आम्ही नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराच्या) अंदाजाप्रमाणे एकूण बांधकाम ४५ हजार चौरस फूट आणि खर्च फुटाला ३,८०० रुपये. पार्किंग, जिने, सगळं धरून. आता आमचे खजिनदार काका अडून बसलेत. त्यांचं म्हणणं, मटेरियल सगळं चढलेलं आहे, सिमेंटवरचा जीएसटी उतरला तसं लोखंडही उतरेल, दोन वर्षं कळ काढा. अर्धे सभासद त्यांच्या बाजूने झुकलेत. बांधकामाचे दर खरंच खाली येतील का? थांबावं का?
ता.क. माझा मुलगा विरारला फ्लॅट बघतोय. तोही हेच विचारतो.
— एका सोसायटीच्या सेक्रेटरी, बोरिवली

उत्तर:

ताई, तुमच्या काकांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. म्हणूनच ते खोडून काढणं तुम्हाला जड जातंय.

लोखंड उतरतं. २०२० च्या सुरुवातीला सळईचा टन चाळीस हजारांच्या आसपास होता. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं, कोळसा भडकला आणि एप्रिलपर्यंत टनाचा भाव सत्तर हजारांच्या पलीकडे गेला. ठेकेदार स्लॅब टाकायला तयार होईनात, जुन्या दराने काम परवडत नाही म्हणून पत्रं देऊ लागले. मग त्याच वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारने पोलादाच्या निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावलं, माल देशात राहिला आणि काही महिन्यांत भाव पंचावन्न-साठ हजारांच्या घरात आला. नोव्हेंबरात शुल्क निघालं. काकांनी हे सगळं पेपरात वाचलेलं असणार.

सिमेंटचंही तसंच. पावसाळ्यात कामं मंदावली की गोणीमागे थोडे पैसे सुटतात, दिवाळीनंतर पुन्हा वसूल होतात. मात्र या बाजारात मालक कमी होत चाललेत. अंबुजा आणि एसीसी २०२२ मध्ये अदानींकडे गेल्या, २०२४ च्या अखेरीस अल्ट्राटेकने इंडिया सिमेंट्स घेतली. इतके कमी विक्रेते असलेल्या बाजारात भाव पडून राहण्याची वाट बघणं मला तरी जमत नाही.

आता उरलेलं निम्मं. तुमच्या इमारतीचा हिशेब मांडून बघू. इमारत किती मजली आणि आरसीसी कन्सल्टंट (सांगाड्याचं डिझाइन करणारा इंजिनिअर) किती जादा सुरक्षितता धरून डिझाइन करतो त्यावर सगळं असतं, पण ढोबळ मानाने चौरस फुटाला ५ किलो लोखंड धरा. ४५ हजार फुटांना २२५ टन झालं. टनाला ५५ हजार धरले तर सव्वा कोटीच्या आत. आणि तुमचं एकूण काम आहे १७ कोटी १० लाखांचं! म्हणजे ज्या लोखंडावरून सोसायटीत दोन तट पडलेत, ते एकूण खर्चाच्या सात टक्के आहे. समजा काकांचं भाकीत तंतोतंत खरं ठरलं आणि टनामागे दहा हजार उतरले, तर वाचतील साडेबावीस लाख. छोटी रक्कम नाही. पण फुटामागे ती पन्नास रुपये पडते. ३,८०० चे ३,७५० होतील.

तेवढ्यासाठी थांबायचं, तर उरलेल्या जवळजवळ १६ कोटींचं काय होतं ते बघावं लागतं. त्यातला मोठा वाटा मजुरीचा. सेंट्रिंगवाला, फिटर, गवंडी, प्लास्टरवाला, टाइल्सवाला, प्लंबर यांचे दर मी आजवर खाली आलेले पाहिले नाहीत. फार तर वर्षभर थांबतात. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मुंबईतून गावी गेलेले सगळे कारागीर परतले नाहीत. जे परतले ते वाढीव रोजावर. शिवाय या शहरात त्यांना कामाची वानवा नाही. तुमच्याच बाजूला ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं काम चालू आहे, मेट्रो आहे, महापालिकेचे काँक्रीटचे रस्ते आहेत, बीडीडी चाळींचा आणि धारावीचा पुनर्विकास आहे. आणि बोरिवलीत गल्लीआड एक इमारत पत्र्यांच्या मागे गेलेली आहे. छठपूजेला, होळीला, गावच्या निवडणुकीला माणसं जातात आणि प्रत्येक वेळी ती परत आणायला मुकादम जास्त मोजतो. लिफ्ट, तांब्याच्या वायरी, ॲल्युमिनियमच्या खिडक्या यांचे भाव तर डॉलर आणि परदेशी बाजार ठरवतात. पीव्हीसीचे पाइप खनिज तेलाच्या मागे जातात.

या १६ कोटींवर वर्षाला फक्त ४ टक्के वाढ धरा. मी मुद्दाम कमी धरतोय. ६४ लाख झाले. दोन वर्षांत सव्वा कोटीच्या वर. लोखंडातून साडेबावीस लाख वाचवायला सव्वा कोटी घालवायचे, हा व्यवहार एसजीएमपुढे, म्हणजे विशेष सर्वसाधारण सभेपुढे, मांडून बघा.

जादा बांधकामाच्या परवानगीसाठी महापालिकेला भरायचे प्रीमियम वेगळेच. ते रेडी रेकनरशी, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जागेच्या दरांशी, बांधलेले असतात आणि रेकनर १ एप्रिलला बदलतो. २०२५ मध्ये मुंबईत तो सरासरी ३.३९ टक्क्यांनी चढला. २०२१ मध्ये सरकारने वर्षभरासाठी प्रीमियम निम्मे केले होते, त्या वर्षी बिल्डरांनी फायलींची रांग लावली. तशी सवलत पुन्हा आली तर हात मारून घ्या, पण तिच्या भरवशावर बसू नका.

सिमेंटच्या जीएसटीबद्दल जरा सविस्तर, कारण त्यावरून फार गैरसमज आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे खरं. मूळ ३०० रुपयांची गोण ३८४ ऐवजी ३५४ ला पडते. तुम्हाला २० हजार गोणी लागतील असं धरलं, तर सहा लाख. पण थांबा. तुमचा नोंदणीकृत ठेकेदार तुम्हाला बिल लावतो ते सगळ्या कामावर १८ टक्के जीएसटी लावून. सिमेंट घेताना त्याने भरलेला कर तो त्यातून वळता करून घेतो. आधी २८ टक्के वळते करायचा, आता १८ करेल. त्याचा मूळ दर पूर्वीही कराशिवायचाच होता. त्यामुळे तुमच्या बिलात या कपातीने फरक पडेलच असं नाही, त्याची थोडी रोकड मोकळी होईल इतकंच. हे सहा लाख पुरते हातात पडले असते ते सिमेंट सोसायटीने स्वतः खरेदी केलं असतं तर. कोणी ठेकेदार 'जीएसटी उतरला म्हणून तुम्हाला खास सूट' म्हणत आला, तर सूट घ्या. आभार मानायची गरज नाही.

(विक्रीच्या सदनिकांवरचा जीएसटी हे निराळं प्रकरण आहे. त्याला सोसायटीच्या ऑडिटरवर विसंबू नका, बांधकामाची कामं करणारा सीए गाठा.)

आता काकांना विचारायचा खरा प्रश्न. इमारत रिकामी झाल्यावर २४ घरांना दरमहा ४० हजार भाडं धरलं तर ९ लाख ६० हजार. कर्ज १५ कोटी उचललेलं असेल आणि व्याज ११ टक्के धरलं, तर महिन्याला पावणेचौदा लाख. बेरीज सव्वातेवीस लाखांच्या पुढे जाते. म्हणजे शेवटच्या टप्प्यात काम एक महिना रेंगाळलं की लोखंडातली ती दहा हजारांची घसरण तिथल्या तिथे स्वाहा. एका महिन्यात! आणि मुंबईत महिना रेंगाळायला काय लागतं? २०२४ च्या अखेरीस हवा बिघडली म्हणून महापालिकेने बोरिवली पूर्व आणि भायखळा इथली सगळी बांधकामं थांबवायला लावली होती. तुमचाच भाग. ज्यांचे स्लॅब अर्धवट होते त्यांचं व्याज काही थांबलं नाही. तेव्हा धुळीचे नियम पहिल्या दिवसापासून पाळा. २५ फुटी पत्रे, पाण्याचे फवारे, ट्रक झाकून आणणं, चाकं धुणं. हा खर्च अंदाजपत्रकात आहे का, ते आजच पीएमसीला विचारा. बऱ्याचदा नसतो.

म्हणून माझं मत असं की भावासाठी थांबू नका. मात्र दुसऱ्या काही गोष्टींसाठी जरूर थांबा, आणि तिथे कोणी घाई केली तर मी काकांच्या बाजूने उभा राहीन. कर्ज लेखी मंजूर नसेल तर एकही घर रिकामं करू नका. मुंबई जिल्हा बँकेची स्वयंपुनर्विकासाची कर्ज योजना आहे, त्याचं मंजुरीपत्र हातात असणं आणि 'बँकेत बोलणं झालंय' असणं यांत फार अंतर आहे. स्वयंपुनर्विकासाला सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयात १० टक्के जादा एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) आणि व्याजात ४ टक्क्यांची सवलत म्हटलेली आहे. एफएसआयची बेरीज आर्किटेक्टकडून आधी घ्या, आणि व्याजाची सवलत खात्यात जमा होईपर्यंत ताळेबंदात धरू नका. सहकार कायद्याच्या ७९अ कलमाखाली ५१ टक्के संमती पुरते, हे ठीक. पण एक सभासद आत कुलूप लावून बसला की बाकीच्या तेवीसजणांचं भाडं चालू राहतं, म्हणून प्रत्येकाचा वैयक्तिक करार सही होईपर्यंत घाई नको. आणि आरसीसीचे ड्रॉइंग पूर्ण होईपर्यंत टेंडर काढू नका. अर्धवट ड्रॉइंगवर काढलेलं टेंडर म्हणजे एक्स्ट्रा आयटमचं खुलं निमंत्रण.

पावसाळ्याचंही बघा. खोदकाम आणि पाया जूनच्या आधी बाहेर आला पाहिजे, नाहीतर चार महिने पंप लावून खड्ड्यातलं पाणी उपसत बसाल. दिवाळी-छठ उरकल्यावर रिकामं करणं बरं. पण मुलांच्या शाळेमुळे लोक मे महिन्याचा हट्ट धरतात, आणि एकाच गल्लीतली २४ कुटुंबं एकदम भाड्याने घर शोधायला लागली की तिथले एजंट भाव वाढवून बसतात. भाड्याची घरं दोन महिने आधीपासून बघायला सांगा.

भावाचं भय करारात बांधता येतं, आणि काकांची सगळी हुशारी खरी तिथे लागणार आहे. तुम्ही पत्रासोबत पाठवलेलं एका ठेकेदाराचं कोटेशन वाचलं. एक पान, फुटाचा दर, खाली बारीक अक्षरात 'लोखंड व सिमेंटमधील वाढ बाजारभावाप्रमाणे'. वाढ, म्हणे. घट कुठे गेली? ही ओळ अशीच राहिली तर लोखंड चढलं की तुमचे पैसे आणि उतरलं की त्याचा नफा. तिथे बेस रेट लिहायला लावा. उदाहरणार्थ, सळई साइटपोच, जीएसटी वगळून, टनाला ५५ हजार. वर-खाली तीन टक्क्यांपर्यंत कोणी कोणाला काही द्यायचं नाही. त्यापुढे चढली तर फरक सोसायटी देईल, उतरली तर ठेकेदाराच्या रनिंग (टप्प्याटप्प्याच्या) बिलातून वजा होईल. ब्रँड करारात नावाने लिहा, आणि भाव धरायचा तो माल आल्याच्या चलनाच्या तारखेचा. मग काका म्हणतात तसं लोखंड पडलं, तर ते साडेबावीस लाख काम चालू असतानाच तुमच्या पदरात पडतील, त्या तीन टक्क्यांच्या पट्ट्यातले जवळपास पावणेचार लाख सोडून. मजुरीचा दर मात्र चोवीस महिने पक्का, वाढ नाही. ठेकेदार कुरकुर करेल आणि सुरुवातीचा दर थोडा वाढवून मागेल. थोडा द्या.

काही सभासद म्हणतील, लोखंड आत्ताच सगळं विकत घेऊन ठेवू. नको. प्लॉटवर ठेवायला जागा नाही, एका पावसाळ्यात ते लालभडक होतं, आणि पैसे आज अडकल्याचं व्याज आजपासून चालू होतं.

मोजमापाबद्दलही करारात लिहा. फरकाचे पैसे बार बेंडिंग शेड्यूलमधल्या (ड्रॉइंगप्रमाणे कुठे किती सळई लागते त्या तक्त्यातल्या) वजनावर, ठेकेदाराच्या चलनावर नाही. तुकडे-वेस्टेज त्याच्या दरात. आणि सळई मोजून घ्या. १२ मिलिमीटरच्या सळईचं वजन मीटरला ८८८ ग्रॅम असतं, म्हणजे १२ मीटरची अखंड सळई साधारण १० किलो ६६० ग्रॅम भरली पाहिजे. भारतीय मानकात या मापाला ५ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालतं. रोलिंग मिल बरोबर त्या खालच्या काठावर माल काढते. सळई चार टक्के हलकी आली आणि तुम्ही शेड्यूलच्या पूर्ण वजनाचे पैसे मोजलेत, तर सव्वा कोटीत पाच लाख गेले. सिमेंटच्या जीएसटीवरून जेवढी चर्चा झाली, जवळपास तेवढीच रक्कम इथे मुकाट्याने जाते. निवृत्त माणसाने एक ताणकाटा घेऊन प्रत्येक ट्रकमधल्या चार-पाच सळया तोलल्या तरी पुरे. ट्रक उतरवायच्या आधी धर्मकाट्याची पावती, भरलेल्याची आणि रिकाम्याची, दोन्ही मागायच्या.

यापेक्षा जास्त पैसे फिनिशिंगमध्ये जातात आणि तिथे दोष ठेकेदाराचा नसतो, सभासदांचा असतो. एकाला किचनचा ओटा फिरवायचाय, दुसऱ्याला भिंत हलवायचीय, तिसऱ्याला मोरबीच्या साध्या टाइल्स नकोत, इटालियन हवी. चोवीस घरांचे चोवीस हट्ट म्हणजे चोवीस वेळा ड्रॉइंग बदलणं, आणि महिना कितीला पडतो ते वर लिहिलंच आहे. एकच स्पेसिफिकेशन ठरवा, टाइल्सचा, नळांचा बेसिक रेट लिहून टाका, भिंत हलवायला पूर्ण बंदी. ज्याला संगमरवर हवा त्याने ताबा मिळाल्यावर स्वतःच्या खर्चाने बसवावा. यावरून वाईटपणा येईल. सेक्रेटरीने तो घ्यायचा असतो, इलाज नाही.

राहिला तुमच्या मुलाचा प्रश्न. तो मुळात वेगळा आहे. फ्लॅटच्या किमतीत जमीन, प्रीमियम, बिल्डरचं व्याज आणि त्याचा नफा धरलेला असतो. सिमेंट-लोखंड उतरलं म्हणून दर उतरवणारा बिल्डर मला भेटायचा आहे. मागणी अडली की तो दर कमी करत नाही, पार्किंग फुकट देतो, मॉड्युलर किचन देतो, मुद्रांक शुल्क भरतो. तेव्हा मुलाने घासाघीस तिथे करावी, आणि या भेटींऐवजी तेवढी रक्कम करारातल्या किमतीतून कमी करून मागावी, कारण शुल्क आणि कर त्या किमतीवर लागतात. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी आहे. पण मुंबई महानगर प्रदेशात कार्पेट ६० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर १ टक्काच. विरारमध्ये या दोन्ही अटींत बसणारी घरं अजून मिळतात. ४६ लाख सांगणाऱ्या बिल्डरला ४५ वर आणलं, तर किमतीतला एक लाख वाचेलच, शिवाय जीएसटी २ लाख ३० हजारांवरून ४५ हजारांवर येईल. मात्र ४५ लाखांच्या हिशेबात पार्किंग आणि बिल्डरचे इतर बरेच आकार धरले जातात, म्हणून कॉस्ट शीट पुरी बघून घ्या. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आलेल्या घराला जीएसटी नाहीच. आणि घर एकट्या सुनेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सुटतो. मुलाचं नाव जोडलं की ती सवलत जाते, आणि गृहकर्जात मात्र बँक त्याला सहकर्जदार म्हणून धरतेच. दोघांनी बसून ठरवावं.